याचना, तगादा आणि नोटीस : दहिसरच्या एका खटल्याच्या निमित्ताने

दहिसर हे बृहन्मुंबईचे पश्चिम रेल्वेवरील उत्तरेकडचे अखेरचे उपनगर. ते १९५७ साली महापालिकेच्या हद्दीत आले, तोवर ते साष्टी बेटातील भातखाचरांचे व नदीकाठचे एक गाव होते. त्यानंतरच्या अर्धशतकात ह्या गावठाणाभोवतीच्या शेतजमिनींवर सदनिकांच्या इमारती उठल्या. त्यांपैकी दहिसर पूर्वेच्या आनंदनगरातील 'पांचाली' ह्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे नाव आज देशभरच्या वकिलांच्या तोंडी आहे. 'नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था' ह्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दिला. खांबांवर उभ्या असलेल्या इमारतीखालची, मोटारी लावण्याची मोकळी जागा इमारत बांधणाऱ्या प्रवर्तकाला स्वतंत्रपणे विकता येते काय, हा त्यातील वादविषय होता. आणि ती विकता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

हा निकाल सामान्यतः वाहनतळाचा निकाल म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखकाला त्यात अधिक जुना असा एक प्रश्न दिसतो. दुसऱ्यासाठी म्हणून जे आपल्या हाती आले ते जवळ ठेवणाऱ्याकडून परत कसे मिळवावे? न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी त्याच्याकडे मागणी करावयाची ती कोणत्या रीतीने, आणि त्या मागणीने नेमके काय साधते? न्यासभंगाबद्दल धाडल्या जाणाऱ्या नोटिशीकडे आपण वकिली व्यवहारातील एक ठराविक सोपस्कार म्हणून पाहतो. तिचा इतिहास पाहू गेल्यास मात्र ती फार जुन्या विधीचे कागदी रूप आहे असे आढळते.

धर्मशास्त्राने अठरा व्यवहारपदे मानली. मनूच्या यादीत ऋणादानाच्या पाठोपाठ दुसरे पद येते ते निक्षेपाचे, म्हणजे विश्वासाने दुसऱ्यापाशी ठेवलेल्या वस्तूचे. याज्ञवल्क्याने व्यवहाराध्यायात उपनिधीचे लहानसे प्रकरण घातले असून त्यातील एक भेद आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. ठेव राजाने नेली, दैवाने नष्ट झाली अथवा चोरांनी लुटली, तर ठेवून घेणाऱ्यावर ती भरून देण्याचे दायित्व नाही. परंतु मालकाने ती मागितली, मागूनही दिली नाही आणि त्यानंतर ती नष्ट झाली, तर मूल्य द्यावे लागते आणि तितकाच दंडही भरावा लागतो. वस्तू तीच, आपत्तीही तीच. दोहोंच्या मधे एक मागणी घडली, एवढाच फरक. त्या मागणीने ठेवून घेणाऱ्याची जोखीम पालटली. मागणीपूर्वी तो रक्षक होता, मागणीनंतर दोषी झाला.

अगदी हाच विचार १८३९ च्या व्याजविषयक कायद्यात आढळतो. देण्याची तारीख लेखाने ठरलेली नसेल तर लेखी मागणी झाल्या दिवसापासून न्यायालयाने व्याज द्यावे, असे त्या कायद्याने म्हटले, आणि १९७८ च्या कायद्यानेही लेखी सूचनेचे ते महत्त्व राखले. हे कायदे रचणाऱ्यांपुढे याज्ञवल्क्य होता असे सुचवावयाचे नाही. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन न्यायपरंपरा एकाच ठिकाणी येऊन पोहोचल्या, एवढेच येथे नोंदवावयाचे.

मराठेशाहीतील व्यवहाराकडे वळल्यास मागणीचे स्वरूप अधिक देहधारी होते. तिचे नाव तगादा. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथामुळे करीना, मजहर, गोतसभा इत्यादी गोष्टींचा आपल्याला चांगला परिचय आहे. पण वाद गोतापुढे वा सरकारात जाण्यापूर्वी दोन माणसांत जे घडे, त्याची दप्तरात नोंद कमी राहते. ह्या बाबतीत एल्फिन्स्टनचा पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीचा १८१९ चा अहवाल उपयोगी पडतो. तगाद्याचे वर्णन तो कुतूहलाने आणि बऱ्याच बारकाईने करतो. देणेकरी बरोबरीचा वा खालचा असेल तर धनको त्याला घरात अडकवून ठेवी, जेवू देत नसे, उन्हात बसवी. देणेकरी वरचढ असेल तर आरंभ विनवणीने व अब्रूच्या गोष्टीने होई. मग धनको त्याच्या उंबऱ्यावर जाऊन पडे, दाराशी आरडाओरड करी, अथवा हे काम करावयास दुसरी माणसे लावी.

ह्या वर्णनातील सामाजिक अंग विसरता कामा नये. बलवानाच्या हाती तगादा हे जुलमाचे साधन होते, आणि दुबळ्याच्या हाती तो लाजेला केलेले आवाहन होते. दाराशी बसणारा स्वतः उपाशी राही, आणि आळीतील लोक ते पाहत. त्या पाहण्यातच त्याचे सारे बळ होते. इंग्रजी राज्याला अर्थातच ही रीत मानवली नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ५०८ व्या कलमाने दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेणे हा गुन्हा ठरविला, आणि त्याखाली दिलेले पहिलेच उदाहरण दुसऱ्याच्या दाराशी धरणे धरून बसणाऱ्याचे आहे. एका संपूर्ण लोकाचाराची बोळवण उदाहरणाच्या एका वाक्यात झाली. त्याच संहितेने ४०५ व्या कलमात फौजदारीपात्र न्यासभंगाची व्याख्या केली. धरण्याचा मार्ग बंद करणारी आणि विश्वासघाताला शिक्षा सांगणारी ही दोन कलमे एकाच पुस्तकात एकाच दिवशी, १ जानेवारी १८६२ रोजी, अमलात आली. (२०२४ च्या जुलैपासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून न्यासभंग आता तिच्या ३१६ व्या कलमात आहे.)

धरण्याच्या जागी टपालाने जाणारा कागद आला. येथे एका गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. कायद्याने सक्तीची केलेली नोटीस बहुतेक ठिकाणी पीडिताच्या सोयीसाठी नसून नोटीस घेणाऱ्याच्या संरक्षणासाठी असते. सरकारवर दावा लावावयाचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमाप्रमाणे दोन महिन्यांची नोटीस. मुंबई महापालिकेवर लावावयाचा तर १८८८ च्या अधिनियमाच्या ५२७ व्या कलमाप्रमाणे एका महिन्याची. सहकारी संस्थेवर तिच्या कामकाजासंबंधी लावावयाचा तर १९६० च्या अधिनियमाच्या १६४ व्या कलमाप्रमाणे निबंधकाला दोन महिन्यांची. तिन्ही ठिकाणी नोटीस ही वादीने ओलांडावयाची एक जादा पायरी आहे. याउलट विश्वस्ताने विश्वास मोडला तर त्याच्यावरील दाव्यापूर्वी नोटीस दिलीच पाहिजे असा सर्वसाधारण नियम नाही. तरीही ती दिल्यावाचून क्वचितच कोणी न्यायालयात जातो. जेथे कायदा सांगतो तेथे ती अडसर, आणि जेथे सांगत नाही तेथे ती शस्त्र, हा विरोधाभास ध्यानात ठेवला म्हणजे पुढील हकीकत समजण्यास सोपी जाते.

मुंबईत मालकी तत्त्वावर सदनिका विकण्याची पद्धत स्वातंत्र्यानंतर झपाट्याने फैलावली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, तेव्हा भाड्याने देण्यासाठी चाळ बांधणे आतबट्ट्याचे झाले. बांधकामाचा पैसा राहावयास येणाऱ्यांकडूनच आगाऊ घेण्याची युक्ती निघाली. इमारत उभी नाही, जमीन आपली नाही, आणि आयुष्याची पुंजी मात्र दुसऱ्याच्या हाती, अशी घेणाऱ्याची अवस्था होती. तक्रारी वाढल्या. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यावर पंधरवडा-तीन आठवड्यांतच, २० मे १९६० रोजी, सरकारने ह्या व्यवहारातील गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल जून १९६१ मध्ये आला आणि १९६३ साली महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम, त्या वर्षीचा पंचेचाळिसावा, संमत झाला. 'मोफा' ह्या आद्याक्षरी नावाने तो आज घरोघरी परिचित आहे.

ह्या अधिनियमाचे पाचवे कलम इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावकाश वाचावे असे आहे. प्रवर्तकाने घेतलेल्या रकमा बँकेत स्वतंत्र खात्यात ठेवाव्या, ज्या कारणासाठी त्या दिल्या गेल्या त्या कारणासाठीच धराव्या व खर्चाव्या, आणि सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने लेखी मागणी करताच त्या खात्याचा पूर्ण व खरा हिशेब उघड करावा. तेराव्या कलमाने अशा रकमेच्या फौजदारीपात्र न्यासभंगास पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगितली. विक्रेता व गिऱ्हाईक ह्या नात्याच्या पोटात विश्वस्त व लाभार्थी हे नाते अशा रीतीने घातले गेले. तथापि लेखी मागणी करण्याचा जो अधिकार पाचव्या कलमाने दिला तो सरकारी अधिकाऱ्याला. ज्याचा पैसा त्याला नव्हे. कायदा करणाऱ्यांनी निक्षेपाचे तत्त्व स्वीकारले, पण मागणीचे साधन ठेवणाऱ्याच्या हाती द्यावयाचे ते राहून गेले, असे आमचे मत आहे.

अकराव्या कलमात हीच उणीव अधिक ठळक दिसते. सदनिका घेणाऱ्यांची संस्था नोंदली गेली की प्रवर्तकाने जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावी, म्हणजे अभिहस्तांतरण करावे. करारात मुदत नसेल तर १९६४ च्या नियमांप्रमाणे चार महिन्यांत. उपनगरांत किती प्रवर्तकांनी हे चार महिने पाळले, हे कोणत्याही जुन्या संस्थेच्या वार्षिक सभेला जाऊन बसल्यास कळते. संस्था नोटीस पाठवी. उत्तर येत नसे, किंवा संपूर्ण योजना पुरी झाल्यावर अभिहस्तांतरण करू असे येई. पुढे विशिष्ट पालनाचा दावा, म्हणजे दहा-वीस वर्षे. १९६३ पासून २००८ पर्यंत पंचेचाळीस वर्षे नोटिशीच्या मागे उभे राहील असे दुसरे बळ नव्हते.

प्रवर्तक जमीन सोडीत नसत, ह्यामागे केवळ आळस वा दुष्टावा नव्हता. त्याला अर्थशास्त्र होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्कांची पद्धत आणली आणि दक्षिणेकडील शहरभागात निर्माण झालेले हक्क उपनगरांत वापरण्याची वाट मोकळी झाली. जमिनीची मालकी ज्याच्या कागदावर, वाढीव बांधकामाचा लाभही त्याचाच. ज्या तुकड्यावर इमारत उभी राहून ती विकूनही झाली, तो तुकडा पुन्हा एकदा मौल्यवान झाला. कांदिवलीच्या मधुविहार संस्थेच्या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने, आपली संपूर्ण योजना करार करतेवेळीच खुलेपणाने मांडण्याचे प्रवर्तकाचे कर्तव्य अधोरेखित केले, त्याची पार्श्वभूमी ही होती.

पांचालीचा वाद ह्याच काळातला. खांबांच्या मधल्या पंचवीस वाहनजागा आपल्या ताब्यात असून संस्थेने त्यात अडथळा करू नये, अशी मनाई मागत स्वतः प्रवर्तकच नगर दिवाणी न्यायालयात गेला. येथे क्रम उलटा झाला आहे. ज्याच्याकडून मागावयाचे तोच वादी होऊन आला. त्याचा आधार होता सदनिका घेणाऱ्या प्रत्येकाने लिहून दिलेल्या प्रतिज्ञालेखांचा : ह्या जागा सर्वस्वी प्रवर्तकाच्या, त्याने त्या विकल्या तर आमची हरकत नाही. किल्ली हाती येण्यापूर्वी माणूस कशाकशावर सही करतो, हे ज्याने घर घेतले आहे त्याला सांगावे लागत नाही.

नगर दिवाणी न्यायालयाने २००७ साली दावा फेटाळला; उच्च न्यायालयाने २००८ साली अपील फेटाळले. सर्वोच्च न्यायालयात न्या. लोढा व न्या. पटनाईक यांच्यापुढे युक्तिवाद मुख्यतः एका शब्दाभोवती फिरला. अधिनियमातील 'सदनिका' ह्या शब्दाच्या व्याख्येत कंसात गॅरेजचा समावेश आहे. तेव्हा खांबांमधली जागा हेही गॅरेजच, म्हणून सदनिकेसारखी विकण्याजोगी, असे प्रवर्तकाचे म्हणणे. न्यायालयाने शब्दकोशांतील व्यापक अर्थ बाजूस ठेवून सदनिका घेणारा साधा माणूस काय समजेल ते पाहिले : छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. खांबांमधली मोकळी जागा त्यात बसत नाही. ती सामाईक क्षेत्राचाच भाग होय. सामाईक क्षेत्रे व सोयी जाहिरातीत आणि करारात सांगणे, त्यांची प्रमाणशीर किंमत सदनिकेच्या किंमतीतच दाखविणे, हे प्रवर्तकाचे कर्तव्य. ते त्याने केले नाही तर जोखीम त्याची. न सांगितल्यामुळे सामाईक जागा सामाईक असण्याची थांबत नाही.

प्रतिज्ञालेखांचे पुढे काय झाले? प्रवर्तकावर अधिनियमाने लादलेली कर्तव्ये खाजगी कराराने पुसून टाकता येत नाहीत, ह्या तत्त्वापुढे ते निष्प्रभ ठरले. निकालाचा आमच्या दृष्टीने सर्वात मोलाचा भाग हाच होय. निव्वळ कराराच्या दुनियेत सही ही अखेरची गोष्ट असते. न्यासाच्या दुनियेत मात्र लाभार्थ्याच्या सहीकडे न्यायालय संशयाने पाहते, कारण ती घेणाऱ्याच्या हातीच सर्व काही असते. अधिनियमाच्या मुळाशी कोणते नाते आहे याचा निर्णय दहिसरच्या पंचवीस मोटारजागांनी करून दिला. निकालात न्यासाची परिभाषा फारशी नाही, हे मान्य. पण निष्कर्ष कराराच्या तर्काने निघणारा नव्हे.

ह्याच सुमारास अभिहस्तांतरणाच्या बाबतीतली जुनी उणीवही काहीशी भरून निघाली. २००८ च्या चौथ्या महाराष्ट्र अधिनियमाने अकराव्या कलमात भर घालून मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद केली. प्रवर्तक मुदतीत करून देत नसेल तर संस्थेने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारतः जिल्हा उपनिबंधकाकडे, अर्ज करावा. त्याने कागद तपासून, प्रवर्तकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन, सहा महिन्यांच्या आत प्रमाणपत्र द्यावे. आणि मग प्रवर्तकाच्या सहीवाचूनच दस्त नोंदला जावा. अर्जासोबत जोडावयाच्या कागदांत संस्थेने प्रवर्तकाला वा मूळ जमीनमालकाला पूर्वी दिलेल्या नोटिशीची प्रत मागितली जाऊ लागली. पंचेचाळीस वर्षे निष्फळ ठरलेल्या नोटिशींना असा अकस्मात अर्थ आला. ज्या चिटणीसांनी स्थळप्रती जपून ठेवल्या होत्या त्यांच्या संस्थांचे काम सुकर झाले; ज्यांच्या फायली पावसात भिजल्या वा जुन्या पदाधिकाऱ्याबरोबर गावी गेल्या, त्यांनी नव्याने आरंभ केला. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचा दंडक घातला, तो पाचव्या कलमाचाच वंशज. तो कितपत पाळला जातो हा वेगळा विषय.

नोटिशीचा काळाशी असलेला संबंधही पाहावयास हवा. वर्षानुवर्षे नोटिसा पाठवीत बसलेल्या संस्थेला, तुमचा दावा मुदतबाह्य झाला, असे उत्तर मिळण्याची भीती सदैव असे, कारण नुसती नोटीस मुदत वाढवीत नाही. ११ जानेवारी २०२२ रोजी समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, भोगवटा प्रमाणपत्र मिळवून न देणे ही प्रवर्तकाची सतत चालू राहणारी चूक आहे, असे १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या २२ व्या कलमाच्या आधारे धरले. कर्तव्य रोज नव्याने मोडले जाते, म्हणून दाव्याचे कारणही रोज नव्याने उद्भवते. याज्ञवल्क्याची मागणी एकदाच घडणारी होती. येथे मौन हेच प्रतिदिनी दिलेले नकारार्थी उत्तर मानले गेले.

अखेरीस साधनांविषयी. उपनगरांच्या सामाजिक इतिहासासाठी आपण महसुली दप्तर, गॅझेटियर व वृत्तपत्रे चाळतो. गृहनिर्माण संस्थांच्या कपाटांकडे मात्र कोणी वळत नाही. तेथे करारनाम्याच्या प्रती असतात, सभांची इतिवृत्ते असतात आणि नोटिशींची एक जाड फाइल असते. तिच्यात भाषेचा प्रवासही दिसतो : आरंभीचे पत्र आदराचे, अमुकशेठ म्हणून संबोधणारे, बहुधा संस्थेच्या चिटणीसानेच लिहिलेले, त्यानंतरचे स्मरणपत्र, मग वकिलाचा मथळा, क्रमांक घातलेले परिच्छेद आणि पंधरा दिवसांची मुदत. वरचढ देणेकऱ्याकडे विनवणीने सुरुवात करून उंबऱ्यापर्यंत जाण्याचा एल्फिन्स्टनने वर्णिलेला क्रम येथे टपालखात्याच्या मध्यस्थीने पार पडलेला आढळतो.

आणि शेजाऱ्यांनी पाहण्याची जी साक्ष, तिची जागा पोहोचपावतीने घेतली. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या २७ व्या कलमाने, योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून, नोंदणी करून पाठविलेले पत्र पोहोचले असे मानावे, असा नियम घातला. नोंदणी टपाल ही स्वतंत्र सेवा टपालखात्याने २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन केली; परंतु संस्थांच्या फायलींतला मोठा भाग त्या जुन्या गुलाबी पोहोचपावत्यांचा आणि परत आलेल्या लिफाफ्यांचा आहे. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पोस्टमनने परत आणलेला लिफाफा जाणता चिटणीस कधी फोडीत नाही. तो न्यायालयात तसाच बंद हजर करावयाचा असतो.